दापुऱ्याच्या बांधावरचे दर्शन

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, मूर्तिजापूर-अमरावतीकडे जी भाषणे होतात त्यांत एक वाक्य ठरलेले असते: बाबा तत्त्वज्ञान सांगत बसले नाहीत, त्यांनी हातात खराटा घेतला. वाक्य आदराने उच्चारलेले असते आणि ऐकणारेही मान डोलावतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

त्या वाक्यात दोन गोष्टी न बोलता धरून चाललेल्या आहेत. तत्त्वज्ञान हे बसून सांगायचे असते, ही एक. खराटा हातात घ्यायला विचार लागत नाही, ही दुसरी. दोन्ही मान्य केल्या की बाबा स्वच्छतेचे चिन्ह होऊन राहतात, आणि तत्त्वज्ञान हा पोट भरलेल्या माणसाने निवृत्तीनंतर वाचायचा विषय होतो. नुकसान दोन्हीकडून आपलेच होते.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला किंमत राहत नाही, असा आपल्या वादपरंपरेचा दंडक आहे. म्हणून आधी तो पुऱ्या ताकदीने मांडतो. पूर्वपक्षी म्हणेल, तत्त्वज्ञानाला संकल्पनांची रचना लागते, प्रमाणांचा विचार लागतो, ग्रंथ लागतो आणि ग्रंथावर भाष्य लागते. बाबा शाळेत गेले नाहीत, त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्याच अमरावती जिल्ह्यात, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असे गुलाबराव महाराज होऊन गेले. लोणी टाकळीला १८८१ साली जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, चौतीस वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात शंभरावर ग्रंथ, अद्वैत आणि मधुराभक्ती यांचा मेळ घालणारे स्वतंत्र मत, डार्विन-स्पेन्सरचाही परामर्श. तत्त्वज्ञ म्हणायचे तर यांना म्हणावे. दुसरा मुद्दा स्वस्थतेचा. ज्याच्या दारात सावकार उभा आहे त्याला आत्मा, धर्म, कर्तव्य यांचा विचार करायला सवड कुठली? ते काम प्रपंचाच्या विवंचनेतून सुटलेल्यांचे. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. कीर्तनात बाबा प्रश्न विचारत, पण उत्तर त्यांच्या मनात आधीच ठरलेले असे. हजारोंचा जमाव एका सुरात होकार देतो तिथे शोध नसतो, मन वळवणे असते. आणि चांगल्या कामासाठी मन वळवले म्हणून त्याला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही.

तिन्ही मुद्दे गंभीर आहेत. तिसऱ्यातले काही मला मान्यही आहे. पण उत्तराची सुरुवात दापुऱ्यापासूनच करावी लागते.

बाबांचा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा, जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावच्या परिटाच्या घरातला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, भाऊ चंद्रभानजी यांच्याकडे आली. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. डेबूजीने तिथे गुरे राखली, मग नांगर धरला. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबा हयात असतानाच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले, पुढे गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. ही चरित्रे वाचताना बहुतेकांना घाई असते ती १ फेब्रुवारी १९०५ ही घर सोडल्याची तारीख गाठण्याची. मला त्याआधीची वर्षे जास्त मोलाची वाटतात. मामाने सावकाराचे कर्ज काढले होते. तो फेडत गेला, पण पावती घेतली नाही. वाचता येत नव्हते, कागदावर काय लिहिले आहे ते कळत नव्हते. शेवटी वावर गेले, आणि त्या धक्क्याने मामाही गेला.

हा काळ कोणता होता तेही पाहावे. वऱ्हाडचा कापूस परदेशी जाऊ लागून काही दशके झाली होती. मूर्तिजापूर हे रेल्वेचे ठाणे झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इथून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे एका विलायती कंपनीने अरुंद रूळ टाकले, तीच आपली शकुंतला रेल्वे, आणि ते टाकले कापूस वाहून नेण्यासाठी. कापसाबरोबर रोख पैसा आला, रोख पैशाबरोबर उधारी आली. पिकावर पैसे उचलायचे आणि पीक आले की आकडा वाढलेला पाहायचा, हा खेळ घरोघर चालू होता. चंद्रभानजींचे झाले ते शेकडो घरांत झाले.

अशा घटनेनंतर माणूस नशिबाला बोल लावतो, नाहीतर सावकाराला. डेबूजी सावकाराला भिडलाही, असे चरित्रकार सांगतात. पण तो तिथे थांबला नाही. पुढे अर्धशतक कीर्तनातून जे प्रश्न तो विचारत राहिला त्यांचे मूळ मला इथेच दिसते. कास्तकार कर्ज काढतो ते कशाकशासाठी? बियाण्यासाठी, बैलासाठी काढतो ते समजते. लग्नात जातीला जेवण घालण्यासाठी, मेलेल्या बापाच्या तेरवीसाठी, नवसाचा बोकड कापण्यासाठी का काढतो? कोणी जबरदस्ती करत नाही, तरी काढतो. कारण ते आपले देणे आहे असे तो मनापासून मानतो. मग खरा प्रश्न असा उरतो की माणूस कोणाचे काय देणे लागतो, आणि ते देणे आहे हे ठरवतो कोण.

हा प्रश्न प्रापंचिक आहे, म्हणून तो तत्त्वज्ञानाचा नाही, असे म्हणणाऱ्याने आपले जुने ग्रंथ उघडावेत. माणूस जन्मतःच ऋणी असतो, हा विचार वैदिक वाङ्मयाइतका जुना आहे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे आली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले, ते माणसांचे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने. आणि माणसांचे ऋण फिटते ते त्यांना आसरा दिल्याने व अन्न दिल्याने. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात तर या ऋणांवर चक्क वाद आहे: ऋणे फेडण्यातच आयुष्य संपणार असेल तर मोक्षासाठी वेळ कधी मिळणार, हा आक्षेप तिथे घेऊन त्याचे उत्तर दिले आहे. म्हणजे कोणते देणे खरे, कोणते आधी फेडायचे आणि कोणते फेडता फेडता माणूस बुडतो, ही चर्चा आपल्या दर्शनांच्या अगदी मध्यावर आहे.

बाबांनी या ऋणांचा क्रम बदलला. मेलेल्यांचे देणे जेवणावळीने फिटत नाही. देवाचे देणे बोकडाने फिटत नाही. ऋषींचे देणे फिटते ते स्वतःचे पोर शाळेत घातल्याने. त्यासाठी घरातली भांडी मोडावी लागली तरी मोडावीत, असे ते सांगत. आणि ज्या चौथ्या ऋणाला पुढच्या परंपरेने फारशी जागा ठेवली नाही, ते माणसांचे ऋण, आसरा आणि अन्न, बाबांनी सर्वांच्या वर नेऊन ठेवले. त्यांच्या धर्मशाळा आणि अन्नसत्रे म्हणजे हे मत विटामातीत मांडलेले आहे. पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती ज्यांना दुसरीकडे कोणी आत घेत नव्हते त्यांच्यासाठी. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा खेड्यातून आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी. मूर्तिजापूरला गोरक्षण, कारण म्हातारे, भाकड जनावर कामाचे राहिले नाही म्हणून त्याचे देणे संपत नाही. बाबांनी शतपथ ब्राह्मण वाचले होते असा माझा दावा नाही. ते वाचले नव्हते, तरीही त्याच प्रश्नाला ते दुसऱ्या वाटेने येऊन भिडले, आणि त्यांचे उत्तर जुन्या उत्तराहून वेगळे आहे. प्रश्न तोच, उत्तर वेगळे आणि त्यामागे कारणे दिलेली. यालाच आपण दर्शनांच्या इतिहासात मतभेद म्हणतो आणि त्याची नोंद घेतो.

यातली पहिली कृती घर सोडण्याआधीची आहे. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू हवी, हा जातीचा रिवाज होता. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊकी नाराज झाली. या प्रसंगाकडे सुधारकाचा धीटपणा म्हणून पाहतात, तो होताच. पण त्याआधी डोक्यात एक भेद स्पष्ट झालेला असावा लागतो: लोक आपल्याकडून ज्याची अपेक्षा धरतात ते, आणि आपण ज्याचे खरोखर बांधील आहोत ते. नीतिशास्त्राच्या वर्गात हा भेद शिकवायला आठवडा जातो. डेबूजीने तो एका जेवणात केला आणि त्याची किंमत भाऊकीच्या रोषाने दिली. घर सोडल्यावर त्यांनी पहिले मोठे काम हाती घेतले ते पूर्णाकाठच्या ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. तिथे नदीत स्नान केले की ऋणातून सुटका होते, अशी लोकांची श्रद्धा. काठ निसरडा, चिखलाचा, बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी तिथे माती टाकली, पायऱ्या केल्या, घाट बांधला. ज्याच्या मामाचे वावर कर्जात गेले तो माणूस ऋण फेडणाऱ्या नदीच्या काठावर येणाऱ्यांना उभे राहायला जागा करून देतो. त्यांच्या श्रद्धेची त्याने टर उडवली नाही. आणि कर्ज पाण्याने धुतले जाते असेही त्यांना कधी सांगितले नाही.

आता प्रमाणांचा आणि रचनेचा आक्षेप. न्यायदर्शनातल्या सोळा पदार्थांत संशय, प्रयोजन आणि दृष्टान्त यांना मानाची जागा आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो की जे मुळीच माहीत नाही किंवा जे पक्के ठरलेले आहे त्याच्याबाबत न्याय चालत नाही. ज्याविषयी शंका आहे तिथेच तो चालतो. आणि दृष्टान्ताचे लक्षण सूत्रकार गौतमाने असे दिले आहे की ज्या गोष्टीवर साधा माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी चालते, तो दृष्टान्त. हे लक्षण मला फार मोठे वाटते. जगातल्या अत्यंत काटेकोर तर्कशास्त्रांपैकी एक शास्त्र सांगते आहे की तुमचा युक्तिवाद शेवटी अशा जागी टेकला पाहिजे जिथे वावरात काम करणारा आणि विद्यापीठात शिकवणारा एकच गोष्ट पाहतात. लौकिक माणूस हजर नसेल तर न्यायाचा अवयवच पुरा होत नाही.

या कसोटीवर बाबांचे कीर्तन लावून पाहावे. सत्यनारायणाच्या पोथीतला बुडालेल्या नौकेचा प्रसंग ते घेत. पूजेने बुडालेली नौका वर येते ना? मग महायुद्धात एवढी जहाजे समुद्राच्या तळाशी गेली आहेत. सव्वा रुपयाच्या पूजेत तीही वर यायला हवीत. ऐकणारे हसत, आणि हसता हसता त्यांच्या हातातून काहीतरी सुटे. न्यायात याला तर्क म्हणतात: प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर खरे धरायचे आणि त्यातून जे त्यालाही मान्य होणार नाही ते निघते, हे दाखवायचे. अनिष्टप्रसंग तो हाच. दुसरा युक्तिवाद पितरांना दिलेल्या पाण्याचा. इथून दिलेले पाणी परलोकी पोचते, तर नदीत उभे राहून उडवलेले पाणी माझ्या गावच्या वावरात का पोचू नये, असे बाबांनी विचारल्याची गोष्ट वऱ्हाडात सांगतात. अशीच गोष्ट गुरू नानकांची, हरिद्वारची म्हणून सांगतात. तेव्हा ती मूळची कोणाची यावर भांडण्यात अर्थ नाही. पण युक्तिवाद त्याहून जुना आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांचा म्हणून तो नोंदलेला आहे: श्राद्धातले अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यावी, घरी वाढलेले त्याला वाटेत पोचेलच की. चार्वाक बोलला तर ते दर्शन, आणि परिटाच्या घरचा माणूस बोलला तर ते प्रबोधन, असा फरक कोणत्या न्यायाने करायचा? बाबा चार्वाक नव्हते, हे मी विसरत नाही. ते नामस्मरण करत, देव एक आहे असे सांगत. पंढरपूरला जाऊनही देवळातल्या दर्शनाकडे ते वळत नसत, असे चरित्रकार लिहितात. नास्तिक नसलेल्या माणसाने नास्तिकाचा युक्तिवाद वापरायचा आणि तरी देव ठेवायचा, ही एक अवघड भूमिका आहे. ती तपासायला हवी. भूमिका नसलेल्याची तपासणी करता येत नाही.

ग्रंथ नाही म्हणून दर्शन नाही, हे म्हणणे तर वऱ्हाडात कोणी करूच नये. मोर्शीच्या वाटेवरचे महानुभाव पंथाचे रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. त्या पंथाच्या चक्रधरस्वामींनी एक ओळ लिहिली नाही. ते चालत राहिले, लोकांशी बोलत राहिले. कोणी जेवायला वाढले, कोणी भांडले, कोणी रडले, अशा रोजच्या प्रसंगांतून त्यांनी सांगितले. ते गेल्यावर म्हाइंभटाने ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीला मराठीतला आद्य गद्यग्रंथ, लीळाचरित्र, उभा राहिला. त्यातली वचने वेगळी काढून केसोबासाने सूत्रपाठ केला, आणि दृष्टान्तपाठात प्रत्येक सूत्राशेजारी चक्रधरांचा दृष्टान्त आणि त्याचा दार्ष्टान्तिक मांडून ठेवला. पुढे त्यावर भाष्ये झाली, आचारस्थळ-विचारस्थळ झाले, पंथाचे तत्त्वज्ञान शास्त्र म्हणून उभे राहिले. म्हणजे आधी जगणे, मग आठवण, मग सूत्र, मग भाष्य. मराठीत तत्त्वज्ञान याच क्रमाने जन्मले आहे. बाबांच्या बाबतीत आपण दुसऱ्या पायरीवर थांबलो. तिसरी आणि चौथी पायरी चढली गेली नाही, यात उणेपणा असेल तर तो आपला.

गुलाबराव महाराजांचा मान यात कुठेही कमी होत नाही. दृष्टी नसताना त्यांनी जे उभे केले ते अचाट आहे. त्यांची वाट शास्त्रातून लोकांकडे येते, बाबांची लोकांतून निघते. एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत दोन्ही वाटा चालल्या गेल्या, हे वऱ्हाडचे भाग्य. त्यांतली एकच खरी असे ठरवण्याची गरज नाही.

स्वस्थतेच्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तो सर्वांत जास्त नुकसान करतो. पोट भरल्यावरचा उद्योग, असे तत्त्वज्ञानाला आपण म्हणतो. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट हा सगळा खारपाणपट्टा. खाली पाणी आहे, पण खारट. ना पिता येते, ना पिकाला देता येते. शेती पावसावर. कापूस, तूर, सोयाबीन. एखादा पाऊस चुकला की वर्ष गेले. अशा रानात तीन एकरांच्या धन्यासमोर बापाच्या तेरवीचा खर्च उभा राहतो. गावाला जेवण घालावे तर उसनवारी, न घालावे तर बापाचा अपमान केला असे भाऊकी म्हणणार आणि स्वतःलाही तसेच वाटणार. मेलेल्या बापाचे माझ्यावर काय देणे आहे? गावात मान राहणे हे पोराच्या कॉलेजच्या फीपेक्षा मोठे आहे का? मी जे करतो आहे ते प्रेमाने की भीतीने? ज्याच्याकडे तीस एकर ओलीत आहे त्याला हे प्रश्न टाळता येतात. जेवण घालून तो मोकळा होतो, विचार न करता निभते. तीन एकरवाल्याला टाळता येत नाहीत. त्याने चुकीचे उत्तर दिले तर एक एकर जाते. प्रश्न न विचारण्याची चैन श्रीमंताला परवडते, गरिबाला परवडत नाही. म्हणून तत्त्वज्ञान गरिबाला जास्त लागते. बाबा हे जाणत होते. त्यांच्या कीर्तनाला जो समाज जमे त्याला कर्जाचा विचार सुचवायचा नव्हता, तो आधीच त्या विचारात बुडालेला होता. बाबांनी त्या विचाराला शिस्त लावली.

इथे एक सावधगिरी हवी. वऱ्हाडचा कास्तकार कर्जात आहे तो केवळ लग्नकार्याच्या खर्चाने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाव, पाऊस, पाणी, बाजार, सरकारचे धोरण ही मोठी कारणे आहेत, आणि त्यांची उत्तरे कीर्तनात मिळत नाहीत. ती कायद्यात शोधावी लागतात. तीही वऱ्हाडात शोधली गेली. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेत प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर. आणि परतल्यावर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी ज्या कामाचा पाठपुरावा केला ते शेतकऱ्यांच्या कर्जाच्या लवादाचे. १९३३ चा कर्जलवाद कायदा त्यांच्या नावाशी जोडला जातो. वैदिक धर्माचा अभ्यासक सावकारी कर्जाकडे वळतो याचे कोणाला नवल वाटत असेल, तर त्याने तत्त्वज्ञान आणि प्रपंच यांच्यामध्ये नसलेली भिंत बांधून घेतली आहे. पंजाबरावांनी कायद्याने देण्याचा आकडा तपासायला लावला. बाबांनी देणे या कल्पनेचीच तपासणी केली. दोन्ही झाल्याशिवाय चंद्रभानजींचे वावर वाचले नसते.

उरला तिसरा आक्षेप. कीर्तन हा न्यायाच्या अर्थाने वाद नव्हे, हे मी मान्य करतो. वादात दोघे सत्यासाठी समोरासमोर बसतात, दोघांनाही हरण्याची तयारी असते. कीर्तनात एक उभा असतो आणि हजारो बसलेले असतात. बसलेल्यांपैकी कोणी उठून बाबांना उलट प्रश्न विचारून निरुत्तर केल्याच्या आठवणी आपल्याला मिळत नाहीत. तेवढ्यापुरता पूर्वपक्ष बरोबर आहे. पण म्हणून कीर्तन जल्प ठरत नाही. जल्पात माणूस जिंकण्यासाठी बोलतो, आणि जिंकणाऱ्याला जिंकल्यावर काही मिळते: शिष्य, गादी, मठ, मान. बाबांनी यातले काहीच घेतले नाही. आपला कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्य नाही, असे ते म्हणत. पाया पडायला आलेल्याला काठी दाखवत. धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत राहिले नाहीत. भाकरी गाडग्यात घेऊन खाल्ली. बोलणाऱ्याने आपल्या युक्तिवादाचा निष्कर्ष आधी स्वतःवर लावला आहे का, ही एक कसोटी मन वळवणाऱ्याला शोधकापासून वेगळे करते. १९२३ साली खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, आणि कीर्तन थांबले नाही. काहींना हे कठोर वाटते. मलाही ते सहज पचत नाही. पण गेलेल्याचा जगणाऱ्यांवर किती हक्क असतो, हा प्रश्न ते लोकांना वर्षानुवर्षे विचारत आले होते. त्या दिवशी तो त्यांना विचारला गेला आणि त्यांनी उत्तर बदलले नाही.

शिवाय बाबांचे प्रश्न कीर्तन संपल्यावर संपत नसत. कीर्तनाआधी ते गाव झाडत, आणि गाव झाडणारा तोच रात्री बोलायला उभा राहिला की ऐकणाऱ्याला एक गोष्ट आपोआप दिसे: घाण करणारा कोण, काढणारा कोण, आणि काढणाऱ्याला हलके कोणी ठरवले. खराटा हा त्या युक्तिवादाचा पहिला अवयव होता. तो विचाराच्या जागी आलेला नव्हता.

म्हणून मला खंत वाटते ती बाबांना केवळ स्वच्छतेपुरते उरवल्याची. २००० साली राज्यात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यातून कितीतरी गावे सुधारली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण बाबांची दशसूत्री धर्मशाळांच्या भिंतींवर लिहिलेली असते, ती एकदा सावकाश वाचावी. भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, वस्त्र, शिक्षण, आसरा, औषध, रोजगार आहे, मुक्या प्राण्यांना अभय आहे, गरिबांच्या मुलामुलींची लग्ने आहेत, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत आहे. दहांत झाडलोट कुठेच नाही. तिथे आहे ती देण्यांची यादी, माणूस माणसाचे काय देणे लागतो त्याची. हिंमत ही सुद्धा देण्याची वस्तू आहे, अन्नपाण्याच्या पंक्तीत बसणारी, हे मत तर मी दुसऱ्या कोणत्या नीतिशास्त्रात इतक्या स्वच्छपणे मांडलेले पाहिलेले नाही. कर्जाने खचलेल्या माणसांच्या या प्रदेशात ते कलम किती खोलवर जाते, हे वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको.

अलीकडे तत्त्वज्ञान व्यवहारात आणा, असेही पुष्कळ ऐकू येते. मनःशांतीची पुस्तके खपतात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन विचारवंतांची वचने मोबाइलवर फिरतात. त्यातून कोणाला आधार मिळत असेल तर चांगलेच आहे. पण तिथे तत्त्वज्ञान तयार असते आणि आयुष्याला ते बाहेरून लावायचे असते. बाबांच्या बाबतीत असे काही तयार नव्हते. वावर गेले, म्हणून देण्याचा प्रश्न पडला; प्रश्न पडला, म्हणून मत बनले; मत बनले, म्हणून घाट बांधला गेला. यातला एक दुवा काढून घेतला तर बाकीचे समजत नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला आज बाबांचे नाव आहे. त्या विद्यापीठाने आणि वऱ्हाडातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यांची कीर्तने दर्शनग्रंथाच्या शिस्तीने संपादित करावीत: पाठ, पाठभेद, युक्तिवादांची फोड, टीपा. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे. त्यानंतर दीड महिन्यातच बाबा गेले. सुरुवात त्या मुद्रणापासून करता येईल. बाकीचे अजून माणसांच्या आठवणीत आहे आणि तिथून ते दरवर्षी कमी होते आहे. ज्यांच्या घरी बाबांचे कीर्तन समोर बसून ऐकलेले कोणी ऐंशी-नव्वदीतले माणूस असेल, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. बाबांनी काय विचारले, लोकांनी काय उत्तर दिले, कोणते गाव, कोणते साल, जे आठवेल ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे आणि मूर्तिजापूरच्या किंवा अमरावतीच्या ग्रंथालयात नेऊन द्यावे.